माटुंग्यातील पहिला दिवस

सुट्टी म्हटली की व्यापारी कुटुंबांत अलीकडे सिंगापूर, बँकॉक किंवा बाली यांचीच नावे प्रथम निघतात. सहल नेणाऱ्या कंपन्या सोबत स्वयंपाकी महाराज देतात, कांदा-लसणाविना जेवण मिळते, आणि आठ दिवसांत एखादे झगमगते शहर पाहून मंडळी परततात. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या घरातही यंदा हीच चर्चा चालली होती. परंतु हळदीच्या पेढीला लांबची सुट्टी परवडत नाही. संक्रांत उलटली की नवा माल बाजारात येऊ लागतो, सौदे सुरू होतात, आणि मग उन्हाळा संपेपर्यंत कुणाला मान वर करण्यास सवड नसते. म्हणून संक्रांतीला जोडून चार दिवस काढायचे ठरले, आणि चार दिवसांत निवांत पाहून येण्याजोगे शहर म्हणून मुंबईचे नाव निघाले.

मुंबई ठरण्यामागे आणखी एक कारण होते, ते मात्र कुणी उघड बोलत नव्हते. घरातील नात अकरावीला शास्त्र शाखेत होती. बारावीनंतर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकावे, असे तिने मनाशी धरले होते. आई-वडिलांची ना नव्हती. आजोबा हो किंवा नाही काहीच म्हणत नव्हते. आजीने मात्र एकच प्रश्न विचारला होता, "सूर्य मावळायच्या आत तिला तिथं कोण वाढणार?" त्या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर नव्हते. अखेर धाकट्या नातवाला समुद्र दाखवण्याचे निमित्त झाले आणि पहिल्या दिवसाचा मुक्काम माटुंग्यात ठेवण्यात आला.

महालक्ष्मी एक्सप्रेस दादरला पोहोचली तेव्हा नुकते उजाडू लागले होते. रविवार असल्यामुळे लोकलला गर्दी नव्हती. नातवाच्या हट्टाखातर सामानासह सर्व मंडळी लोकलने निघाली आणि जेमतेम बसेपर्यंत उतरण्याची वेळ झाली, कारण दादरनंतरचे पहिलेच स्थानक माटुंगा. मध्य रेल्वेच्या या स्थानकाची एक विशेष ओळख आहे. जुलै 2017 पासून येथील सर्व कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवण्यात आला. तिकीट खिडकी, तिकीट तपासणी, सुरक्षा, उद्घोषणा ही सर्व कामे स्त्रियाच पाहू लागल्या. देशातील उपनगरी स्थानकांत असा हा पहिलाच प्रयोग होता आणि 2018 च्या लिम्का विक्रमपुस्तकात त्याची नोंद झाली. काळा कोट घातलेल्या तरुण तिकीट तपासनीस बाईंनी आजीच्या हातातील पिशवी पाहून वाट करून दिली. आजीने पुढे जाऊन एकवार मागे वळून पाहिले, पण बोलली काही नाही.

आजोबांना मुंबई नवी नव्हती. तरुणपणी हळदीचे नमुने घेऊन ते अनेकदा येऊन गेले होते. परंतु त्यांची मुंबई म्हणजे मशीद बंदरच्या मसाला बाजारातील पेढ्या, हातगाड्या, मिरचीचा ठसका आणि रात्रीची परतीची गाडी. तो बाजारही पुढे नवी मुंबईत वाशीला हलला. दादरच्या पुढे एक स्थानक अंतरावर इतकी झाडी आणि इतके रुंद रस्ते आहेत, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

अतिथिगृहात सामान ठेवून, स्नाने उरकून सर्व जण आधी देवदर्शनास निघाले, कारण दर्शनाशिवाय आजी तोंडात पाणी घालीत नाही. माटुंग्यात कच्छी आणि गुजराती जैन समाजाची वस्ती मोठी. जवळचे देरासर श्वेतांबर परंपरेचे होते. आजी सांगलीकडील दिगंबर घराण्यातली. निराभरण, मिटल्या डोळ्यांच्या मूर्तीपुढे उभे राहण्याची तिला जन्माची सवय. येथे भगवंतांच्या डोळ्यांत तेज होते आणि अंगावर फुलांची, वर्खाची अंगी रचली होती. ती क्षणभर उंबऱ्याशी थांबली. मग हात जोडून तिने णमोकार म्हटला. शेजारी उभ्या असलेल्या कच्छी बाईंच्या ओठांवरही तोच मंत्र होता. उच्चार किंचित वेगळा, पण पदे तीच आणि क्रमही तोच.

बाहेर पायरीवर दोघींची ओळख झाली. त्या बाई नवकारशीची वेळ होण्याची वाट पाहत बसल्या होत्या. नात इथल्या महाविद्यालयात येऊ पाहते हे कळताच त्या मुंबईच्या मराठीत म्हणाल्या, "मासी, माझी मुलगी पण इंजिनिअर झाली. चोविहार एक दिवस चुकला नाही तिचा. सकाळी डबा द्यायची मी. पाच वाजता ती प्रयोगशाळेबाहेर पायरीवर बसून खायची. आधी एकटी होती. नंतर तिच्यासोबत चार मुली बसायला लागल्या, दोन तर जैन पण नव्हत्या." व्यापारी पेठांत तर चोविहारगृहेच चालतात, संध्याकाळी दुकानदार आणि नोकर सूर्यास्तापूर्वी तेथे जेवून पुन्हा गादीवर जातात, असेही त्यांनी सांगितले. आजीने सारे ऐकून घेतले. "पण तुम्ही घरी होता," एवढेच ती म्हणाली. बाईंना यावर बोलता आले नाही, कारण आजीचे म्हणणे खरे होते.

न्याहारीसाठी माटुंग्यात आलेला माणूस उडुपी उपाहारगृहातच जातो. येथील उपाहारगृहे विसाव्या शतकाच्या तिसाव्या आणि चाळिसाव्या दशकांतली आहेत. कॅफे मैसूर 1936 चे, राम आश्रय 1939 चे, कॅफे मद्रास 1940 चे, आणि केळीच्या पानावर जेवण वाढणारे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चे. दक्षिणेतून कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकून, टंकलेखक म्हणून आलेल्या तरुणांची जेवणाची सोय करण्यासाठी यांतील कित्येक चुली पेटल्या. घर सोडून आलेल्या मुलांना घरचे अन्न कोण वाढणार, हा प्रश्न तेव्हा तामिळ आणि कानडी आयांनाही पडला असेलच.

रविवारी सकाळी अशा ठिकाणी रांग लावावी लागते. अर्ध्या तासाने जागा मिळाली. धाकट्याने मसाला डोसा मागितला आणि आजीच्या नजरेकडे पाहून लगेच मागे घेतला, कारण आतली भाजी बटाट्याची. आजीला आणखी एक अडचण होती. रात्री भिजवून, आंबवून ठेवलेले पीठ तिला चालत नाही. वाढप्याला हे कसे समजवावे, असा वडिलांना संकोच पडला असतानाच आजीने सरळ कानडीत बोलण्यास आरंभ केला. तिचे माहेर अथणीचे. वाढप्याचा चेहरा उजळला. "अज्जी, तुम्ही कुठल्या?" असे त्याने कानडीतच विचारले. तो स्वतः कार्कळचा निघाला.

कार्कळ म्हणताच आजीचे हात आपोआप जोडले गेले. इ. स. 1432 मध्ये उभारलेली बाहुबलींची 42 फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती तेथल्या टेकडीवर आहे. मूडबिद्री, वेणूर आणि कार्कळ अशी यात्रा तिने लग्नानंतर सासूबरोबर केली होती. ज्या उडुपी प्रांतातून हे उपाहारगृहवाले मुंबईस आले, तो प्रांत असा जुन्या बसदींचाही प्रांत आहे. उडुपीच्या कृष्णमठातील परंपरागत स्वयंपाकातही कांदा-लसूण वर्ज्य असतो. वाढप्याने स्वयंपाकघरात जाऊन चौकशी केली आणि परत येऊन यादी सांगितली. सांबारात कांदा आहे, ते नको. खोबऱ्याची चटणी चालेल. शिरा ताजा आहे. बाकीच्यांना साधा डोसा, आणि अज्जींना शिरा व दूध. त्याने पाण्याचे पेले भरण्यापूर्वी आजीने पिशवीतून आपला गाळलेल्या पाण्याचा तांब्या काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "आमच्या गावच्या जैन अम्मासुद्धा असंच करतात."

न्याहारीनंतर मंडळी पायीच हिंडली. माटुंगा आपोआप वाढत गेलेले गाव नव्हे, ते आधी कागदावर आखले गेले आणि मग बांधले गेले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला तो मांडवीत, म्हणजे गोदीलगतच्या धान्याच्या वखारींत आणि दाटीच्या व्यापारी वस्तीत. हजारो माणसे दगावली, लाखो शहर सोडून गेली. त्यातून 1898 मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. माणसांना हवा आणि उजेड मिळावा म्हणून शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर दादर, माटुंगा, वडाळा, शीव या वस्त्यांची योजना करण्यात आली. आधी रुंद रस्ते आखले, बागांच्या जागा सोडल्या, मग भूखंड पाडले. मधोमध किंग्ज सर्कल हे वर्तुळ आले. आज त्याचे नाव माहेश्वरी उद्यान आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. भोवतीच्या इमारतींवर गोलाकार सज्जे, उगवत्या सूर्याच्या किरणांची नक्षी आणि सिमेंटमध्ये उठवलेली इमारतींची नावे दिसतात. नातवाने ती नावे मोठ्याने वाचण्याचा खेळ सुरू केला. जी मांडवी आजोबांच्या मशीद बंदराला लागून आहे, तिच्या दाटीतून सुटण्यासाठी वसवलेली ही वस्ती आहे, हे ऐकून आजोबा बराच वेळ वर झाडांकडे पाहत चालले.

येथे आलेल्या प्रत्येक समाजाने राहण्यासोबत आपले देऊळ, आपली शाळा आणि आपला बाजार उभा केला. दाक्षिणात्य शिक्षण संस्था 1932 ची. षण्मुखानंद सभा 1952 ची, जिच्या शीवजवळील भव्य सभागृहात कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. बाजारात तर अर्धी दक्षिण उतरलेली असते. केळीची पाने, शेवगा, नारळ, मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे, ताज्या दळलेल्या कॉफीचा वास. त्या रविवारी तेथे आणखी एक वस्तू ढिगाने मांडली होती. पोंगल दोन दिवसांवर आला होता, आणि तामिळ घरांत पोंगलच्या भांड्याला हळदीचे रोप बांधतात. पानांसकट उपटलेली ओल्या हळदीची रोपे पाहताच आजोबा थांबले.

त्यांनी एक रोप हातात घेतले, कंदाचा तुकडा मोडला, रंग पाहिला, वास घेतला. "सांगलीची राजापुरी नव्हे," ते म्हणाले. नातवाने विचारले, "आजी, आपण हळदीचाच व्यापार करतो, मग ही हळद आपण का खात नाही?" आजीने समजावले की जमिनीतला ओला कंद म्हणजे अनंतकाय, त्यात अगणित जीव. तीच हळद शिजवून, वाळवून, हळकुंड झाली की निर्जीव होते, मग ती चालते. नातवाला हे पटले असावे, कारण त्याने लगेच दुसरा प्रश्न काढला. "आणि कुंकू लाल कसं होतं?" यावर आजोबाच म्हणाले, "हळदीला चुना लावला की लाल होते. माझ्या आजीलासुद्धा हे ठाऊक होतं."

"आप्पा, पण का होते?" नातीने विचारले.

आजोबांनी उत्तर दिले नाही. मग त्याच फुलबाजाराच्या कडेला उभे राहून त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती, त्यांच्या मुलालाही नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या खरेदीदाराने त्यांचा माल परत पाठवला होता. माल उत्तम होता. हरिपूरच्या पेवांत राहिलेली हळद त्यांनी हाताने पारखून घेतली होती. परंतु खरेदीदाराने सोबत प्रयोगशाळेचा कागद जोडला होता. त्यात हळदीच्या रंगद्रव्याचे, म्हणजे कर्क्युमिनचे, प्रमाण कमी दाखवले होते. "चाळीस वर्षं मी हळकुंड मोडून, आवाज ऐकून भाव केले," ते म्हणाले. "त्या दिवशी समोरचा कागद मला वाचता आला नाही. तो खरा होता की खोटा, तेसुद्धा कळलं नाही. मी माल परत घेतला आणि गप्प बसलो." नातीने त्यांच्या हातातील रोप घेऊन विक्रेत्या बाईंना परत केले. मोडलेल्या तुकड्याचे पैसे आजोबांनी न मागता दिले.

दुपारी मंडळी रसायन तंत्रज्ञान संस्थेपाशी गेली. रविवार असल्यामुळे पाहणे प्रवेशद्वारातूनच झाले. आत जुनी झाडे, शांत रस्ता आणि एका बाजूला लावलेल्या सायकली दिसत होत्या. 1 ऑक्टोबर 1933 रोजी मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून ही संस्था सुरू झाली आणि 1943 मध्ये माटुंग्याच्या या आवारात आली. जुन्या पिढीतील लोक तिला अजून यूडीसीटी याच नावाने ओळखतात. 2008 मध्ये तिला स्वतंत्र अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेले, रंगद्रव्ये, औषधे, अन्नप्रक्रिया अशा शाखा येथे शिकवल्या जातात. डॉ. रेड्डीज या औषध कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी येथलेच, मुकेश अंबानीही येथलेच विद्यार्थी. पलीकडे खालसा महाविद्यालय, थोड्या अंतरावर 1887 साली स्थापन झालेली आणि 1923 पासून माटुंग्यात असलेली व्हीजेटीआय, आणि स्थानकाच्या बाजूस रुईया व पोदार महाविद्यालये. एवढ्याशा टापूत इतक्या शिक्षणसंस्था क्वचितच आढळतात.

तेथून मंडळी पाच बागांकडे वळली. एका चौकाभोवती पाच बागा, आणि त्यांच्यामधून जाणारे सावलीचे रस्ते. दादर पारशी वसाहत उभारणारे मंचेरजी जोशी यांचे नाव या उद्यानाला दिलेले आहे. पाच वाजले होते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्याच्या दोन घटिका आधी, म्हणजे साडेपाचपर्यंत, आजीचे जेवण आटोपते. आईने पिशवीतून दुपारी केलेली दशमी आणि मुगाची कोरडी उसळ काढली. बाकावर वर्तमानपत्र पसरून सर्वांनी ताटल्या मांडल्या. जवळच्या बाकांवर पुस्तके घेऊन बसलेली मुले होती, फेऱ्या मारणारे वृद्ध होते, क्रिकेट खेळणारी पोरे होती. जेवणाऱ्या या मंडळींकडे कुणी वळूनही पाहिले नाही.

आजीने आपला प्रश्न पुन्हा काढला. त्यात आता धार नव्हती, पण काळजी तशीच होती. "अहो, त्या बाई म्हणाल्या ते खरं. पण त्यांची मुलगी आईच्या हातचा डबा नेत होती. हिला डबा कोण भरून देणार?"

आजोबा म्हणाले, "मी बोर्डिंगात राहून शिकलो. दक्षिण भारत जैन सभेचं बोर्डिंग. तिथं दिवस मावळायच्या आत पंगत उठायची. खेड्यातली पोरं शहरात आली तर त्यांचं अन्न बिघडू नये, म्हणून कुणीतरी ती चूल मांडली होती. ती आपल्या आयांनी नव्हती मांडली." मग त्यांनी शेठ माणिकचंद हिराचंद यांची आठवण काढली. मोत्यांच्या व्यापारात कमावलेल्या पैशातून या गृहस्थांनी 1900 साली मुंबईत तारदेवला वडिलांच्या नावाने जैन बोर्डिंग काढले आणि इतर गावांतही वसतिगृहांना हात दिला. त्यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना शिकवले, आणि मगनबाईंनी पुढे मुंबईत श्राविकाश्रम काढून इतर स्त्रियांना शिकण्याची वाट करून दिली. "शंभर वर्षांपूर्वी त्यांनी मुलीला घरी नाही बसवलं," आजोबा म्हणाले.

"मला नका सांगू मगनबाई," आजी म्हणाली. "ही स्वतः सांगू दे."

नात आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "आजी, मी डबा स्वतः भरेन. तू मला उसळ आणि दशमी शिकव. दीड वर्ष आहे अजून. आणि एखाद्या दिवशी नाही जमलं, तर मी उपाशी राहीन, पण तुला खोटं नाही सांगणार."

आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. "उपाशी कशाला राहायचं? फळं असतात," ती म्हणाली. मग तिने तांब्यातील उरलेले पाणी प्यायले, पदराने ओठ पुसले आणि चोविहाराचे पच्चक्खाण घेतले. मावळतीचा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळत होता.

परतताना बाजारात दिवे लागले होते. भांड्यांच्या एका दुकानापुढे आजी थांबली. तिने तीन पुडांचा स्टीलचा डबा उचलला, झाकण लावून पाहिले, कडी ओढून पाहिली, आणि दुकानदाराशी नेटाने घासाघीस केली. "घरी डबे आहेत की," आईने म्हटले. आजी म्हणाली, "ते घरचे. हा हिचा." धाकट्याने विचारले, "मग समुद्र?" त्याला उद्याचे वचन मिळाले.

रात्री अतिथिगृहाच्या खोलीत आजोबांनी नित्याप्रमाणे टिपणवही काढली. पन्नास वर्षांत त्यांचा एकही दिवस रोजकीर्द लिहिल्यावाचून गेला नव्हता. गाडीभाडे, लोकल, न्याहारी, देरासरातील भांडार, मोडलेल्या हळदीचे पैसे, असे सर्व त्यांनी प्रवासखर्चाखाली मांडले आणि बेरीज केली. डब्याचे पैसे तेवढे राहिले. ते प्रवासखर्चात बसेनात. थोडा विचार करून त्यांनी पान उलटले, नव्या पानाच्या माथ्यावर श्री काढून नातीचे नाव लिहिले, आणि त्याखाली पहिली रक्कम मांडली. ज्याच्याशी पुष्कळ वर्षे व्यवहार चालायचा, त्याचेच स्वतंत्र खाते पेढीत उघडले जाते. वही मिटून त्यांनी ती उशाशी ठेवली आणि दिवा मालवला.